दारातला शेवगा: लावणं, छाटणं, खाणं (मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न)

भांडुपला आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीलगत एक शेवगा आहे. मी काही शेतकी कॉलेजात शिकलेली नाही. १८ वर्षं हे झाड छाटते, खाते आणि त्याच्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडते, एवढीच माझी पात्रता. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मोरिंगा म्हणतात तो आपला शेवगाच का?

तोच. झाडाचं शास्त्रीय नाव मोरिंगा ओलिफेरा, आणि त्यातला मोरिंगा हा शब्द तमिळ ‘मुरुंगै’वरून गेलेला. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत आणि त्याला चार नावं आहेत: आमचा शेवगा, समोरच्या गुजराती काकींचा सरगवो, उत्तरेकडच्या कुटुंबाचा सहजन आणि बंगाली जोडप्याचं सजने. माझ्या सासूबाई मालवणकडच्या, त्या शेगूल म्हणायच्या. संस्कृतात शिग्रु. आता पाकिटावर ‘मोरिंगा’ छापलं की त्याच पाल्याचा भाव दसपट होतो, तो भाग वेगळा.

परदेशातून नातेवाईक एल्डरबेरीचं सिरप पाठवतात. ते झाड मुंबईत लागेल का?

हा प्रश्न हल्ली फार येतो. करोनानंतर घरोघरी ‘इम्युनिटी’च्या बाटल्या आल्या, त्यांतली ही एक. एल्डर हे युरोपातलं झुडूप. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला पांढऱ्या फुलांचे चपटे तुरे येतात, त्यांचं सरबत करतात. उन्हाळा सरताना काळी-जांभळी फळं येतात, त्यांचं सिरप आणि जॅम. त्याला हिवाळ्यात पानं गाळून झोपायला खरी थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीत पारा १५-१६ वर आला की आपण स्वेटर काढतो, झाडाला त्याचं काय? रोप आणून जगवलंत तरी फुलाफळांची आशा नको.

आणि एक सावधगिरी. एल्डरची पानं, डहाळ्या, साल आणि कच्ची फळं यांत सायनाइड तयार करणारे घटक असतात. १९८३ साली कॅलिफोर्नियात फळं पाना-डहाळ्यांसकट कुस्करून काढलेला कच्चा रस प्यायलेल्या लोकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. फळं नीट शिजवूनच वापरायची असतात. बाटलीतलं सिरप शिजवलेलं असतं, ते चमचाभर घ्यायला हरकत नाही, पण त्याने सर्दी पळते असं समजू नका.

मला गंमत वाटते ती वेगळीच. तिथली माणसं एल्डरबद्दल जे सांगतात ते ऐकताना मला आमचा शेवगाच आठवतो: फांदी खोचली की लागते, लाकूड ठिसूळ, फुलं खायची, फळं खायची, मुळाच्या वाटेला जायचं नाही, आणि म्हाताऱ्या बायकांकडे त्याचे शंभर उपाय. त्यांच्या कुंपणाला ते, आपल्या कुंपणाला हा.

लावायचा कधी आणि कसा? बी की फांदी?

दोन्ही चालतं. मला फांदी आवडते, कारण झाड कसं निघणार ते आधीच माहीत असतं. ज्या झाडाच्या शेंगा तुम्हाला आवडतात त्याची मनगटाएवढी जाड, तीन ते पाच फूट लांब फांदी घ्या. कोवळी हिरवी नको, राखाडी साल धरलेली हवी. दोन दिवस सावलीत आडवी ठेवा, म्हणजे कापलेली बाजू सुकते. मग एक तृतीयांश भाग जमिनीत जाईल अशी खोचा. वरच्या टोकाला ओलं शेण थापा. शेण कुठून आणायचं असं विचारणाऱ्यांनी माती थापावी. मे महिन्याच्या शेवटी किंवा पहिल्या सरी येऊन गेल्यावर हे काम करावं. जुलैच्या धो धो पावसात लावलेली फांदी आमच्याकडे दोनदा कुजली.

बियांना लाकडासारखी सुकलेली, तपकिरी झालेली शेंग लागते. ती तीन धारांवर उकलते आणि आतून कागदी पंख असलेल्या बिया निघतात. रात्रभर भिजवून पेराभर खोल पेरा. आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब येतो. बी जुनं होऊ देऊ नका, वर्षाच्या आत वापरा.

विकतच्या बियांमध्ये ‘पीकेएम-१’ हे नाव सगळीकडे दिसेल. पीकेएम म्हणजे तमिळनाडूतलं पेरियाकुलम, तिथल्या कृषी विद्यापीठाच्या फलोद्यान कॉलेजात हा वाण निघाला. लावल्यापासून सहा-आठ महिन्यांत शेंगा देऊ लागतो, शेंग दोन-सव्वादोन फूट लांब होते आणि नीट राखलेलं झाड वर्षाला दोनशेच्या वर शेंगा देतं. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण रुचिरा’ही आहे. कोकणच्या पावसात वाढणारा म्हणून मी तरी तोच शोधेन.

जागा कुठली निवडू?

जिथे दिवसाचं सहा तास ऊन पडतं आणि पावसाचं पाणी साचत नाही. हा मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा, वायव्येकडच्या कोरड्या मुलखाचा गडी. दुष्काळ सोसतो, पण पाय ओले राहिले की मुळं कुजून मरतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. त्यामुळे उंचवटा करून लावा. गटाराच्या, पाण्याच्या पाइपाच्या आणि विजेच्या तारांच्या जवळ नको. गाड्या लावतात तिथे तर मुळीच नको. कारण पुढे येतंच आहे.

माझ्याकडे फक्त ग्रिल आहे. कुंडीत येईल का?

पाल्यासाठी येईल, शेंगांसाठी आशा धरू नका. शेवग्याचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, म्हणून पसरट कुंडीपेक्षा खोल पिंप बरं. जुनं ४०-५० लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप, बुडाला पाच-सहा भोकं, अर्धी माती, पाव शेणखत, पाव वाळू. रोप दोन फूट झालं की शेंडा खुडा. फुटलेल्या फांद्याही पुन्हा खुडत राहा. असं ठेवलं तर कमरेएवढं दाट झुडूप होतं आणि आठवड्याला एका भाजीपुरता पाला मिळतो. ऊन मात्र हवंच. ज्या ग्रिलमध्ये तुळस मरतुकडी राहते, तिथे शेवगाही मरतुकडाच राहणार.

गच्चीवर पिंपं ठेवायची असतील तर आधी सोसायटीला विचारा. वॉटरप्रूफिंगवरून झालेली भांडणं शेवग्यापेक्षा जास्त वर्षं टिकतात.

पाणी आणि खत किती?

कमी. पहिलं वर्ष उन्हाळ्यात आठवड्याला दोनदा पाणी, नंतर जमिनीतल्या झाडाला विसरलात तरी चालतं. वर्षातून एकदा, छाटणीनंतर, घमेलंभर शेणखत किंवा ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट.

झाड पंचवीस फूट वाढलंय, हिरवंगार आहे, पण शेंगा नाहीत. का?

बहुतेक वेळा लाडामुळे. सारखं पाणी आणि भरपूर खत मिळालं की तो पानंच काढत बसतो. थंडी सुरू झाली की पाणी तोडा, फुलं धरतील. दुसरं कारण सावली: शेजारी नवा टॉवर उभा राहिला की झाड उन्हाच्या मागे वर वर पळतं. तिसरं, फुलं येतात आणि ढगाळ हवेत किंवा अवेळी पावसात गळून जातात. त्याला इलाज नाही. चौथं, मधमाश्या आणि काळे भुंगे नसणं. आमच्या झाडावर फुलांच्या दिवसांत शिंजीर पक्षी येतात, ते उलटे लटकून मध पिताना दिसले की मी शेंगांबद्दल निश्चिंत होते. सोसायटीत महिन्याला डासांचा धूर आणि कीटकनाशकाची फवारणी होत असेल, तर ती फुलांच्या काळात सकाळी करू नका एवढं तरी सांगून बघा.

छाटणी खरंच इतकी गरजेची आहे?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

शेवग्याचं लाकूड भेंडासारखं मऊ. फांदी जाड दिसते, पण भार सोसत नाही. कोणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत तर फार तर त्याचा पोपट होईल. शेवग्याच्या झाडावर चढवू नका, हाडं मोडतील. जुनी माणसं ‘शेवगा दारात नको’ म्हणायची, त्यामागे भुताखेताच्या गोष्टी जोडल्या गेल्या असतील, पण मला वाटतं पोरं चढतात आणि पडतात हेच खरं कारण असावं.

आमच्या झाडाकडे चार वर्षं कोणी बघितलं नाही. ते तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलं. शेंगा इतक्या वर की फक्त कावळ्यांना आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना मिळायच्या. मग जूनच्या पहिल्या वादळात रात्री दोन वाजता एक फांदी आली ती थेट शेजाऱ्यांच्या नव्या स्कूटरवर. आरसा, हेडलाइट, सीट. सोसायटीने भरपाई दिली आणि मीटिंगमध्ये ‘झाड तोडा’ असा ठराव आला. आठ मतं तोडायला, सात राखायला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उशिरा आल्या, त्यांनी बरोबरी केली, आणि अध्यक्षांनी कंटाळून छाटणीवर भागवलं. तेव्हापासून छाटणीचं काम माझ्या गळ्यात आहे.

पद्धत अशी. रोप दोन-अडीच फुटांचं असताना शेंडा खुडायचा, म्हणजे ते खालूनच चार-पाच फांद्या काढतं. पुढे दरवर्षी शेंगा संपल्या की, म्हणजे साधारण मेमध्ये, सगळ्या फांद्या छातीच्या उंचीवर कापायच्या. काप तिरका हवा, पाणी थांबू नये. पहिल्या वर्षी सगळे हळहळतात, ‘ठार मारलंत हो’ म्हणतात. पावसात तो असा फुटतो की ऑगस्टपर्यंत पुन्हा छत्री होते. कापलेलं झाड बुटकं राहतं, शेंगा हाताला लागतात आणि वाऱ्याला धरायला काही उरत नाही.

छाटायला महापालिकेची परवानगी लागते का?

मुंबईत झाडं तोडणं आणि छाटणं यावर महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या वृक्षसंरक्षण कायद्याचं बंधन आहे, आणि ते खासगी आवारातल्या झाडांनाही लागू होतं. झाड मोठं असेल तर वॉर्ड ऑफिसात उद्यान खात्याकडे सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करा, फोटो जोडा. पावसाळ्यापूर्वी सगळी मुंबई अर्ज करते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच करा. फांदी पडून रस्ता अडला किंवा धोका झाला तर १९१६ वर फोन. हाताएवढं रोप खुडायला अर्थातच कोणी पावती मागत नाही.

पावसात खोडावर केसाळ अळ्यांचे गठ्ठे बसलेत. काय करू?

हात लावू नका, हे पहिलं. हे शेवग्याचे सुरवंट. दिवसा खोडावर एकमेकांना चिकटून गालिच्यासारखे बसतात आणि रात्री वर जाऊन पाला फस्त करतात. केस टोचले की अंग लाल होऊन खाजतं. गावाकडे मशालीने जाळतात. सोसायटीच्या आवारात ते धाडस नको. लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत पाडा, किंवा तेच पाणी पंपाने जोरात मारा. मुलांना दोन दिवस तिकडे फिरकू देऊ नका. अंगाला लागलेच तर चोळू नका: चिकटपट्टी लावून ओढा, केस निघतात, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले किंवा श्वास लागला तर सरळ डॉक्टर.

पाला गेला म्हणून घाबरू नका, पुन्हा येतो. त्या दिवसांत भाजीसाठी मात्र दुसऱ्याचा पाला मागा.

खोडातून डिंक येतोय. लाडवात घालू का?

नको. लाडवाचा डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा. शेवग्याचा डिंक म्हणजे बहुतेक खोडकिड्याची किंवा जखमेची खूण.

बाजारात शेंग कशी पारखायची? आणि थंडीत एवढी महाग का?

करंगळीएवढी जाड, हिरवी, वाकवली तर थोडी वाकून मग मोडणारी घ्या. बियांचे उंचवटे बाहेरून गाठीसारखे दिसत असतील तर आत बी दडस झालेलं आहे, चघळून चोथाच थुंकाल. अगदी काडीसारखी बारीक शेंगही नको, तिच्यात गर धरलेला नसतो. दादर, भायखळा, वाशीची एपीएमसी, कुठेही गेलात तरी फेब्रुवारी ते मे हे शेंगांचे दिवस. डिसेंबर-जानेवारीत झाडं नुसती फुलावर असतात आणि दक्षिणेतून येणारा मालही आटतो, तेव्हा भाव कडाडतात. त्या दिवसांत सांबारात दोन तुकडे दिसले तरी धन्य मानावं.

शेंगा शिजवताना लगदा होतो किंवा कच्च्या राहतात. चुकतं कुठे?

कुकरमध्ये. शेंग कुकरला लावायची नसते. बोटाएवढे तुकडे मोडताना साल ओढत न्या, दोरे निघतात. सगळी साल सोलू नका, नाहीतर तुकडा उकलतो. उकळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात आठ-दहा मिनिटं पुरतात. ते पाणी टाकून देणारी माणसं मला कळत नाहीत. आमटीचा अर्धा स्वाद त्याच पाण्यात असतो. चिंच किंवा आमसूल शेंग शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की ती आडमुठी होते.

घरोघरच्या रीती निराळ्या. आमच्याकडे तुरीच्या वरणात शेंगा, गोडा मसाला, चिंच-गूळ. पिठल्यात शेंगा घातल्या की पाहुण्यांपुढेही पिठलं ठेवता येतं. सीकेप्यांकडे सोडे, वांगं, बटाटा आणि शेंगा एका कालवणात नांदतात, आणि ते दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. कोलंबीच्या कालवणातही शेंग बेमालूम जाते. समोरच्या काकी बेसन लावून सरगव्याचं शाक करतात. माटुंग्याच्या सांबाराबद्दल मी काय सांगणार!

पाल्याची भाजी कडू होते.

जून पाला घेतलात. फांदीच्या टोकाकडची फिकट हिरवी पानं घ्या, आणि देठांच्या काड्या अजिबात येऊ देऊ नका, त्या दातांत तारेसारख्या अडकतात. पाला निवडणं हे खरं कष्टाचं काम. त्यावर सासूबाईंची युक्ती: डहाळ्या धुऊन, निथळून, रात्री सुती पंच्यात घट्ट गुंडाळून ठेवायच्या. सकाळी पंचा झटकला की पानं आपोआप गळून पडतात.

भाजी सोपी. तेलात मोहरी, लसूण, सुकी मिरची, भरपूर कांदा, भिजवलेली मुगाची डाळ, मग पाला. झाकण ठेवायचं नाही. शेवटी ओलं खोबरं. मालवणात गोकुळाष्टमीला ही भाजी आणि आंबोळ्या हव्यातच, आणि उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या त्यात पडतात. त्या दिवशी आमच्या झाडाखाली सकाळी सातपासून पिशव्या घेऊन माणसं उभी असतात. ज्यांनी तोडायला मत दिलं होतं तीही. मी नावं लक्षात ठेवलीत.

फुलंही खातात?

खातात, आणि माझ्या मते झाडाचा तोच सगळ्यात चांगला भाग. खाली पडलेली नको. सकाळी चादर पसरून फांदी हलकेच हलवा. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, बारीक किडे वर येतात. मग गरम पाण्यातून काढून पिळून घ्या, कडवटपणा जातो. भजी करा, झुणक्यात घाला, अंड्याच्या भुर्जीत घाला. पण जेवढी फुलं खाल तेवढ्या शेंगा कमी, हा हिशेब ज्याने त्याने करायचा. हादग्याची फुलं वेगळी, मोठी आणि चोचीसारखी वाकलेली. तीही भाजीचीच, पण झाड निराळं.

‘दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम, संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व’ हे खरं का?

पाला पौष्टिक आहे यात शंका नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ९.४ ग्रॅम प्रथिनं, १८५ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४ मिलिग्रॅम लोह आहे. पालेभाजीला हे झकास आकडे. पण जाहिरातीत सुकवलेल्या पुडीची तुलना पातळ दुधाशी करतात. पाणी काढून टाकलं की कुठल्याही गोष्टीचे आकडे फुगतात. १०० ग्रॅम पुडीत २००० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असेल, पण १०० ग्रॅम पूड खाणार कोण? आपण खातो चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम. त्यातून १०० मिलिग्रॅम मिळालं. कपभर दुधात याहून जास्त असतं. शिवाय पाल्यातलं सगळं कॅल्शियम आणि लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळलं तर लोह थोडं बरं शोषलं जातं. क जीवनसत्त्वाचं म्हणाल, तर ते सुकवताना आणि शिजवताना बरंच जातं.

पूड घरी करता येते का?

येते, पण पावसाळ्यात नाही. मुंबईच्या दमट हवेत पाल्याला बुरशी धरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुतलेला पाला सावलीत, पंख्याखाली, सुती कापडावर पातळ पसरा. उन्हात रंग उडतो. दोन-तीन दिवसांत हाताने चुरला की कुरकुरला पाहिजे. मिक्सरमधून काढून, चाळून, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. मोठी टोपलीभर पाल्याची वाटीभर पूड होते, मन घट्ट करा. थालीपीठाच्या किंवा भाकरीच्या पिठात चमचाभर जिरते. चहात घालून पिणाऱ्यांना माझा नमस्कार.

गुडघेदुखी, शुगर, बीपी, रक्त कमी असणं: कशावर उपयोग होतो?

लोक अपेक्षेने विचारतात, म्हणून सरळ सांगते: मी ते जेवणात खाते, औषध म्हणून देत नाही.

गुडघ्यावर पाला वाटून, गरम करून लेप लावायची जुनी रीत आहे. शेक मिळतो, बरं वाटतं. पण पाला तिखट असतो, जास्त वेळ ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते. आमच्या ओळखीत एकाने रात्रभर बांधून ठेवला आणि सकाळी गुडघ्यापेक्षा फोड जास्त दुखत होते. दहा मिनिटं पुरे, तेही आधी थोडं लावून बघून.

शुगर आणि बीपीवर पाल्याचे छोटे छोटे अभ्यास झालेत, त्यांत थोडा फरक दिसतो. गोळी बंद करण्याइतका भरवसा त्यांवर ठेवता येत नाही. उलट शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असताना रोज पूड किंवा रस घेतला तर दोन्ही मिळून जास्त खाली येऊ शकतं. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा मुतखडा होत असेल तर पूड सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आठवड्यातून एकदा भाजी खाण्याला यातलं काही लागू नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी तपासणी करून ते का कमी आहे हे कळू द्या.

अशक्त माणसाला मात्र मी शेंगांचं सूप देते: शेंगा उकडून गर खरवडायचा, त्याच पाण्यात मिरपूड, जिरं, थोडं तूप. तोंडाला चव येते, पोटात काहीतरी गरम जातं. एवढाच दावा.

गरोदर बाईने किंवा बाळंतिणीने खावा का?

शेंगा आणि पाला नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात चालतात. मूळ आणि साल कधीच नाही. ती गर्भाला धोक्याची. दूध वाढावं म्हणून फिलिपिन्समध्ये बाळंतिणींना हाच पाला देतात, तसा आपल्याकडेही काही घरांत हळिवाच्या जोडीने देतात. पूड, गोळ्या, काढे यांचं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मुळाची चटणी करतात असं ऐकलं.

इंग्रज करायचे. त्यांना त्यांच्या तिखट मुळ्याची, हॉर्सरॅडिशची, चव त्यात सापडली आणि त्यांनी झाडालाच ते नाव दिलं. मुळाच्या सालीत विषारी द्रव्य असतं. चटणीला मिरच्या आहेत.

बियांनी पाणी शुद्ध होतं का?

गढूळ पाणी निवळतं. बियांतल्या प्रथिनांना मातीचे कण चिकटून गठ्ठा होऊन तळाशी बसतात. बरेचसे जंतूही त्यांच्याबरोबर खाली जातात, पण सगळे नाही. पावसाळ्यात नळाला लाल पाणी आलं तर उकळूनच प्या.

शेवगा उष्ण असतो ना?

आयुर्वेदात उष्ण मानतात खरा. पण शेंगा येतात त्या ऐन एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच सगळे खातात. सोबत ताक घ्या.

पुरुषांना खास फायदा होतो म्हणे?

दक्षिणेत यावर विनोद फार. पुरावा नाही. आमटी चांगली झाली तर घरातले पुरुष जास्त जेवतात, एवढं मी पाहिलंय.

छाटलेल्या फांद्यांचं काय करता?

छाटणीच्या दिवशी सकाळी वॉचमन सगळा ढीग गेटाशी लावतो. पाला दुपारपर्यंत संपतो; राहिलेला समोरच्या झोपडपट्टीतल्या शेळ्या संपवतात. लाकूड जळणालाही धड नाही, धूरच जास्त. जाड, सरळ फांद्या मात्र मी बाजूला काढून, शेण थापून, जिन्याखाली उभ्या करते. गेल्या मेमध्ये सहा होत्या. एक मुलुंडला गेली, दोन डोंबिवलीला, एक वांगणीला कोणाच्या तरी फार्महाउसवर. एक कुजली. सहावी स्कूटरवाल्या शेजाऱ्यांनी मागून घेतली, गावी लावायला. गाडी लावतात तिथून लांब लावा, असं मी सांगितलं, तर म्हणाले, “ते तुम्ही मला सांगताय?”